मात्रा खरीच, पण दिवस कोणता?

कीटकनाशकांचा गर्भावर होणारा परिणाम या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: उंदरांना वाट्टेल तेवढं कीटकनाशक पाजायचं आणि पिलांत व्यंग सापडलं की ओरडायचं, विष मात्रेत असतं, आई ठणठणीत असेल तर गर्भाला काय धाड भरणार?

मात्रेबद्दल आपलं भांडण नाही. आईच अर्धमेली झाली तर पिलं हलकी निपजणारच, मग दोष औषधाचा की तिच्या उपासाचा हे कसं ठरवणार? म्हणूनच गर्भावरचे परिणाम तपासणाऱ्या प्रमाणित चाचणीत निदान तीन मात्रा ठेवतात आणि सर्वांत वरचीही आई दगावेल इतकी नसते. हिशेबही पिलामागे नाही, वेतामागे (एका बाळंतपणातली सगळी पिलं मिळून एक) करतात. एकाच आईची दहा पिलं म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

पण आई ठणठणीत म्हणजे गर्भ सुखरूप, हे मला मान्य नाही. विन्क्लोझोलिन घ्या (हे बुरशीनाशक, पण मुद्दा तोच). उंदरीण जेमतेम 22 दिवस गाभण असते. त्यात साधारण 14 ते 19 या दिवसांत नर गर्भाची जननेंद्रियं पुरुष-संप्रेरकांच्या सांगण्यावरून घडतात. विन्क्लोझोलिनपासून शरीरात तयार होणारे पदार्थ नेमकी त्या संप्रेरकांची जागा अडवतात. आईकडे पाहून काही कळत नाही. नर पिलांत मात्र गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर मादीसारखं आखूड राहतं, स्तनाग्रं टिकून राहतात, मात्रा वाढली की मूत्रमार्गाचं तोंड भलत्याच जागी उघडतं. प्रौढ नराला तेच दिलं तर ही व्यंगं होत नाहीत; त्याची घडण कधीच उरकलेली असते.

क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचं आणखी वेगळं. त्याचा घातक अंश निकामी करणारं विकर (एन्झाइम) नवजात पिलांत फारच कमी असतं, त्यामुळे प्रौढ उंदीर पचवतो ती मात्रा पिलाच्या जिवावर बेतते.

विन्क्लोझोलिनचा परिणाम पुढच्या पिढ्यांत उतरतो, हा 2005 मधला गाजलेला दावा मी लेखात मुद्दाम घेतला नव्हता. त्यातल्या मात्रा प्रचंड होत्या आणि इतर काही प्रयोगशाळांना तसं आढळलं नाही. तिथे तुमची शंका रास्त ठरली असती.

राहता राहिलं ‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे’. खरंय, पण हा युक्तिवाद तुमच्याच बाजूने झुकतो असं नाही. थॅलिडोमाइड या औषधाने उंदरांच्या पिलांचे हातपाय शाबूत ठेवले, सशांचे आणि माणसांचे नाही. तेव्हापासून ही चाचणी उंदरांबरोबर सशांवरही करतात.