उलट का सुलट, जवाईबुवा?

सासुरवाडीत जावयाचे हाल दोन प्रकारचे. पाटोडीचा रस्सा पुरे म्हणेपर्यंत वाढतात, ते सोसवतात. दुसरे मामाजींच्या बैठकीत सुरू होतात. दारव्ह्याकडच्या त्या खेड्यात मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःच्या हातानं व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीचा) प्रीॲम्प, म्हणजे गाण्याचा सिग्नल वाढवणारा डबा, बांधलाय. गावातलं कुणी आता तो ऐकायला फिरकत नाही. जावयाला पळता येत नाही.

मामाजींचं दुखणं असं. प्रीॲम्पमध्ये दर स्पीकरमागं ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारा व्हॉल्व्ह, एकच. ग्रिडवर, म्हणजे त्याच्या सिग्नल घेणाऱ्या जाळीवर, व्होल्टेज चढलं की करंट जास्त वाहतो, प्लेटच्या, म्हणजे सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकाच्या, रेझिस्टरवर जास्त व्होल्टेज खर्ची पडतं आणि प्लेटचं व्होल्टेज उतरतं. म्हणजे सिग्नल मोठा होतो, पण उलटा होऊन निघतो. गाणाऱ्यानं हवा पुढं ढकलली की आपल्या स्पीकरचा कागद मागं जातो. "बुवा गाते, आन् आपला स्पीकर श्वास आत घेते! जमन काय हे, जवाईबुवा?" न जमायला काय झालं, असं मी मनातच म्हणतो. सासरे पडले.

इलाज फुकटचा आहे: दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी अदलाबदल करायच्या. मामाजींनी भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून स्पीकरला लावून पाहिला. प्लसला प्लस, आणि कागद टच्चकन बाहेर. घड्याळ तेव्हापासून पावणेदहावर थांबलंय, सासूबाई वेळ उन्हावरून सांगतात.

पण फरक ऐकू येतो का, ही परीक्षा माझी. मी डोळे मिटून खुर्चीत. पाठीशी छतापर्यंत कापूस, कारण भाव चढायची वाट बघत यंदाचा सगळा माल बैठकीतच पडलेला. खंजिरीचं भजन चालू, आणि मामाजी स्पीकरमागं ओणवे. "सांगा, उलट का सुलट?"

बरं, मामाजी अगदीच हवेत बोलत नाहीत. माणसाच्या आवाजाची, थापेची लहर वरखाली सारखी नसते. साध्या सुरांवर, हेडफोन लावून, हा फरक ओळखू येतो असं लिपशिट्झ, पोकॉक आणि वँडरकॉय या ध्वनिसंशोधकांनी 1982 साली दाखवलं होतं. गाण्यात मात्र गोची अशी, की स्टुडिओत माइकपासून मिक्सरपर्यंत सिग्नल किती वेळा पालथा झाला याचा हिशोब कुणी ठेवलेला नसतो. तो मामाजी ठेवतात. प्रत्येक सीडीच्या कव्हरवर कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक 'उ' किंवा 'सु'. काहींवर 'उ' खोडून 'सु', आणि तो खोडून पुन्हा 'उ'.

एकदा शेजारचे काकाजी तावडीत सापडले. दोन भजनं निमूट ऐकून म्हणाले, "थ्री फेज मोटरच्या दोन वायरी बदलल्या का मोटर उल्टी फिरते, पाणी कमी येते. दिसते आपल्याले. तुमचं इथं कमी काय येते?"

मामाजींनी चहा मागवला.

एका रात्री वायरी बदलता बदलता लाइट गेली. आली तेव्हा एकाच स्पीकरच्या बदलून झालेल्या. भजन लावलं तर ठेक्यातला दम गायब, आणि मधोमध बसणारे बुवा खोलीभर पांगलेले. सैपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "आवाज असा पोचट काहून येऊन रायला?" एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, खर्ज आपसातच कटतो, हे कुणालाही कळतं. मामाजी हरखले, "पाहा, हिले बी समजलं!" त्यांचा वाद दोन्ही स्पीकर सोबत उलटण्याचा होता, पण विजय तो विजय. पुढं कापूस विकला गेला आणि रिकामी बैठक विहिरीसारखी घुमू लागली. तेवढा मोठा फरक, पण मामाजींच्या खिजगणतीत नाही.

आता त्यांनी वायरी मूळ जागी आणून दुसरा ट्रायोड जोडलाय. उलट्याचं उलट म्हणजे सुलट. सीडी प्लेअर आधीच दोनेक व्होल्ट देतो, त्याला आणखी वाढवायचं ते निव्वळ सुलट करण्यासाठी, आणि मग व्हॉल्यूमच्या बटनानं दाबायचं ते कानासाठी. ट्रायोड जोडायची दुसरी एक रीत असते, कॅथोड फॉलोअर; तो सिग्नल उलटवत नाही, पण व्होल्टेजही वाढवत नाही. असा आयतं खाणारा व्हॉल्व्ह मामाजींना घरात नको. दोन टप्प्यांचा गेन, म्हणजे वाढ, हा गुणाकार, त्यात पहिल्या टप्प्याची घरघरही गुणून आली.

धीर करून म्हटलं, "मामाजी, घरघर येते."

"येते ना," मामाजी म्हणाले, "पन सुलट येते."