चारचौघी आणि आम्ही पाचजण

विषय काढला मक्यानं आणि नेहमीप्रमाणे काढून मोकळा झाला. "चारचौघी लागलंय रे रविवारी, बघण्यासारखं आहे का?" एवढंच विचारलं बिचाऱ्यानं, आणि त्याला सरळ हो किंवा नाही असं उत्तर शेवटपर्यंत कोणी दिलं नाही.

पहिला अर्थातच विन्या. विन्यानं नाटक पाहिलेलं नाही. विन्या काहीच पाहत नाही, पण त्याचं मत तयार असतं, आणि ते तो मांडीवर थाप मारून देतो. "अरे 1991 चं नाटक ते! तेव्हा धाडसी वगैरे असेल. घटस्फोट, एकटी बाई, बॉयफ्रेंड… आता काय राहिलंय त्यात? सगळं नॉर्मल झालंय यार. आमच्या ऑफिसात बघ, निम्म्या पोरी सेपरेटेड."

"नॉर्मल झालंय ना?" सायली म्हणाली. "मग तुझी आत्येबहीण तीन वर्षं झाली तरी 'सध्या माहेरी आलीय' अशीच का आहे?"

विन्यानं चहाचा घोट घेतला. खूप मोठा घोट घेतला.

तेवढ्यात जोशीकाकांनी घसा खाकरला आणि आम्ही सगळे सरसावून बसलो, कारण आता काय येणार ते पाठ आहे. काकांनी ओरिजनल पाहिलंय. नुसतं चारचौघी नाही, काकांनी सगळंच ओरिजनल पाहिलंय, कुठलंही जुनं नाटक नव्या संचात आलं की काकांना आतून उकळी फुटते. "वंदना गुप्ते!" काका म्हणाले आणि थांबले, जणू पुढे बोलायची गरजच नाही. मग बोललेच. "विद्याचं, म्हणजे तीन बहिणींतल्या थोरलीचं काम वंदना गुप्तेनं केलं होतं. आई म्हणजे दीपा श्रीराम. आसावरी जोशी, प्रतीक्षा लोणकर. तो संच! ते वातावरण! प्रयोग सुटल्यावर लोक फुटपाथवर उभे राहून भांडत होते रे. तुम्ही आता मुक्ता बर्वेला टाळ्या वाजवताय, वाजवा, चांगलं करते ती, पण…"

"पण काका, काकू काय म्हणाल्या होत्या तेव्हा?" सायलीनं विचारलं.

"ही कुठे आली होती? मुलगा लहान होता ना."

"म्हणजे बायकांच्या स्वातंत्र्याचं नाटक बघायला तुम्ही बायकोला घरी ठेवून गेलात."

मक्याच्या नाकातून चहा आला. काकांनी पुढची पाच मिनिटं कोणाकडेच पाहिलं नाही, आणि नंतर जेव्हा बोलले तेव्हा सोसायटीच्या पार्किंगबद्दल बोलले, मक्याची बाईक अजून त्यांच्या गाडीला चिकटून लागते असं. त्या भांडणाला आता स्वतःचा इतिहास आहे, तो इथे नको.

मी दोघांच्या मधला. म्हणजे मी 2022 साली परत आलं ते पाहिलंय, जुनं नाही. लेखक तेच प्रशांत दळवी, दिग्दर्शक तेच चंद्रकांत कुलकर्णी, माणसं नवी, आईच्या कामाला रोहिणी हट्टंगडी. मला आवडलं. पण मी कट्ट्यावर 'मला आवडलं' एवढंच म्हणालो तर विन्या 'का?' विचारतो आणि मग मला सुचत नाही, म्हणून मी आधी खोट काढली. म्हटलं, संवाद जरा जास्तच नेमके आहेत. आपल्या घरात इतकं मुद्देसूद कोण भांडतं? आपण भांडतो तेव्हा गॅसच्या नंबरावरून सुरू होतं आणि सासूच्या श्राद्धावर संपतं.

सायली म्हणाली, "भांडण झाल्यावर बाथरूममध्ये दार लावून जे सुचतं ना, ते ती बाई स्टेजवर वेळच्या वेळी बोलते. त्याचंच तर तिकीट आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर नकोही होतं.

विन्याला मात्र जोर आला होता. "तो फोनचा सीन ना? रीलवर बघितला मी. भारी आहे. मग अख्खं नाटक कशाला बघू? क्लायमॅक्स तर बघितला."

आता ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण मक्यासाठी सांगावं लागलं. विद्याला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळलेलं असतं, ती आईकडे आलेली असते आणि तिथून नवऱ्याशी फोनवर बोलते. आपल्याला फक्त तिची बाजू ऐकू येते. पलीकडचा माणूस काय बोलतोय ते तिच्या थांबण्यातून, मध्येच तुटलेल्या वाक्यातून, रिसीव्हर या हातातून त्या हातात घेण्यातून कळतं. आणि हा काही दोन मिनिटांचा तुकडा नाही, चांगला लांबलचक प्रसंग आहे. मला विचाराल तर त्यातली खरी गंमत म्हणजे तो नवरा प्रत्येक प्रेक्षक आपापला बनवतो. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, ते विद्याच्या प्रत्येक प्रश्नाला खुर्चीत थोडे थोडे खाली सरकत होते. पलीकडचा आवाज ऐकवला असता तर तो एक कोणीतरी आशिष झाला असता, वाईट माणूस, संपला विषय. आवाज नाही म्हणून त्या खुर्चीत कोणीही बसू शकतो. आणि करणारीच्या बाजूनं बघा, समोर माणूस नाही, आवाज नाही, तरी न ऐकू येणारं प्रत्येक वाक्य तिला तेवढाच वेळ ऐकावं लागतं, रोज, आणि घाई झाली की सगळं खोटं पडतं. हे रीलमध्ये कसं दिसणार, रीलवाल्यानं तर थांबण्याच्या जागाच कापलेल्या असतात.

हे सगळं मी बोललो तेव्हा विन्या म्हणाला, "पण आता लँडलाइन कोण वापरतं? आताची बाई असती तर सरळ ब्लॉक."

"तू मला ब्लॉक केलंस तेव्हा प्रश्न सुटला होता का?" सायली.

हा अलिबागचा विषय. त्यात मी पडणार नाही. अलिबागच्या हॉटेलचं अ‍ॅडव्हान्स बुकिंग सायलीनं केलं होतं, विन्या आयत्या वेळी आला नाही, पैसे मागितल्यावर त्यानं तिला ब्लॉक केलं आणि मग गणपतीत आरतीला समोरासमोर आल्यावर अनब्लॉक केलं. पैसे अजून आलेले नाहीत. विन्याच्या मते आलेत.

मक्याचा आक्षेप वेगळा होता आणि तो निदान प्रामाणिक होता. "तीन अंक म्हणे. साडेतीन तास कोण बसणार? माझी कंबर."

"आयपीएल किती वेळ बघतोस?"

"ती घरी बघतो. आडवा."

हे मात्र सगळ्यांना पटलं. नाट्यगृहांच्या खुर्च्यांवर मग बरंच बोलणं झालं. एका ठिकाणी (नाव नको) एसी असा की पहिल्या अंकाला शाल आणि दुसऱ्या अंकाला पेपरनं वारा, एका ठिकाणी स्वच्छतागृह असं की मध्यंतर नको वाटावं, आणि डास सगळीकडे, ते बिचारे कुठल्याही संचात काम करतात. तरी तिसरी घंटा झाली की हे सगळं विसरायला होतं असं काका म्हणाले. काका परत माणसांत आले होते.

आणि मग विन्यानं हुकमाचा पत्ता टाकला. "ठीक आहे, ते नवरा-बायको समजू शकतो. पण ती धाकटी! दोन पोरांशी एकदम! दोघांबरोबर राहणार म्हणे! हे कसलं उदात्तीकरण?" विन्याला 'उदात्तीकरण' हा शब्द फार आवडतो. बिर्याणीच्या उदात्तीकरणावरही तो एकदा बोललाय.

"विन्या," सायलीनं कप खाली ठेवला. "त्या मुलींचा बाप कोण? आधीच लग्न झालेला माणूस. त्याचं तिकडे एक घर, इकडे एक घर, इकडे तीन मुली. त्याला उदात्तीकरण म्हणालास का तू? नाही. ते तुला बॅकग्राउंड वाटलं. मुलीनं तेच म्हटल्यावर तुझ्या मांडीवर थाप पडली."

"पण तो जमाना…"

"आणि पुढचं ऐक. विद्या चिडलीय कोणावर? नवऱ्याच्या आयुष्यात आलेल्या बाईवर. आणि तिची स्वतःची आई कोण? तशीच आलेली बाई. नाटक तिथे आहे. घटस्फोट नॉर्मल झाला म्हणून ते जुनं होत नाही, कारण तुला रागवायचं असेल तर कोणावर ते आधी ठरवावं लागतं आणि ते ठरत नाही."

कट्टा दोन सेकंद गप्प. विन्यानं 'पाहिलेलं नसताना' हा मुद्दा स्वतःविरुद्ध वापरला जाण्याआधीच वापरला, "मी पाहिलेलं नाही, त्यामुळे मी ऑब्जेक्टिव्ह आहे."

माझं म्हणाल तर धाकटीच्या भागात मी थोडा बाहेर पडलो होतो. ते दोघे मुलगे इतके समजूतदार की वादासाठी मागवून घेतल्यासारखे वाटतात, आणि आजूबाजूला हशाही त्याच भागात जास्त. पण सायलीच्या म्हणण्यानंतर तो हशा कशाचा होता याची मला शंका यायला लागलीय. तिला तसं सांगितलं नाही, डोक्यावर बसते.

काकांनी मग नव्या नाटकांचा सूर लावला, की सगळं जुनंच का परत काढतात, नवं लिहिणारे मेले काय. सायली म्हणाली देवबाभळी 2017 चं, नवंच होतं, गेला होतात? काका म्हणाले संगीत होतं म्हणून गेलो होतो आणि ही पण आली होती. 'ही पण' वर त्यांनी एवढा जोर दिला की मक्यानं टाळी दिली.

तर रविवारचं काय. मक्या तयार झाला, कंबरेचा पट्टा बांधून. काका म्हणाले, मी तुलना करायला येतो. सायली तिसऱ्यांदा बघणार होती. विन्या म्हणाला, येतो बाबा, एवढं म्हणताय तर, फक्त घरी विचारतो. आणि त्यानं तिथेच फोन लावला.

"हां… अगं ऐक ना, रविवारी… नाही नाही, मी कुठे म्हटलं… हो, माहितीये… अगं पण मी फक्त विचारतोय… नाही, सायली नाही… म्हणजे आहे, पण सगळेच आहेत… कुठले पैसे?… कोणी सांगितलं तुला?… बरं… बरं… हो… आणतो… कोथिंबीर पण आणतो."

मक्यानं उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि काका म्हणाले, "वंदना गुप्तेची सर नाही, पण चांगलं करतोस."