नाटक नवं की जुनं? छाननीवाल्यांसाठी सोपे उपाय

सांगलीत राहताय म्हणजे कधी ना कधी संगीत नाटक स्पर्धेच्या छाननीला तुम्हाला बसवणारच. नाटक नवं की जुनं, म्हणजे पुनरुज्जीवित, एवढंच ठरवायचं. घाबरू नका, नाटक बघावं लागत नाही.

आधी लेखक हयात आहे का ते बघा. नसेल तर नाटक जुनं.

मग पदं मोजा. मूळ संहितेपेक्षा कमी भरली की नाटक नवं. सगळी पदं घेतली तर 'सौभद्र' पहाटेपर्यंत चालेल, पण ते प्रेक्षकांचं दुखणं, तुमचं नव्हे.

ऑर्गन दिसला तर जुनं. शेजारी कीबोर्डही असेल तर अर्ज पुढच्या बैठकीत.

आणि 'संशयकल्लोळ' आलंच, तर दोन्ही खिडक्या लावून घ्या. आमचंच आलं होतं गेल्या महिन्यात, मी ऑर्गनवर. पुनरुज्जीवित नाटकांच्या खिडकीवर साहेब म्हणाले, "निम्मी पदं कापलीत, म्हणजे हे नवं." नव्या नाटकांच्या खिडकीवर मॅडम म्हणाल्या, "लेखकाचं संमतीपत्र?" म्हटलं, लेखक गोविंद बल्लाळ देवल १९१६ सालीच गेले हो, त्यांच्या हरिपूरला संगमावर भेटतात का बघतो. त्या हसल्या नाहीत. "झेरॉक्स चालेल," म्हणाल्या!

अहो, हे नाटक १८९३ साली 'फाल्गुनराव' म्हणून गद्यात आलं, तेही परक्या नाटकावरून बेतलेलं. पदं घालून १९१६ साली त्याचं 'संशयकल्लोळ' झालं. मग देवलांना कुठल्या खिडकीवर उभं केलं असतंत? तिकडे न्यूयॉर्कला 'हेडविग' नावाचं संगीत नाटक १९९८ साली छोट्या थिएटरात गाजलं आणि ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या थिएटरांत, पहिल्यांदा आलं २०१४ साली. त्याला टोनी हे तिथलं मोठं नाट्यपारितोषिक मिळालं ते पुनरुज्जीवनाचं. पटो न पटो, त्यांनी काहीतरी एक ठरवलं तरी! तुम्ही आम्हाला तीन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलंत आणि शेवटी शेरा मारलात, 'वर्गवारीत बसत नाही'.

रंगीत तालमीला या म्हणून तीनदा फोन केला. एकही आला नाहीत. आमची रेवती बँकेतली नोकरी सांभाळून सहा महिने रोज रियाझ करत होती, तिचं एक पद तरी ऐकायचं होतं. पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भाव्यांच्या फोटोला हार घालताना मात्र पहिली रांग तुमची. नाटक न बघता नाटकाची जात ठरवता, लाज वाटत नाही?

आणि प्रवेश फीचे पाचशे रुपये परत करा. पावती माझ्याकडे आहे, मूळ प्रत.