पत्र्यावरून उतरणारं पाणी

पावसाचा अंदाज आला की मी बाटल्या काढून ठेवतो. लॉस एंजेलिसजवळच्या एका धातुकारखान्यात माझं पर्यावरण विभागाचं काम आहे. आवारातलं पावसाचं पाणी जिथून बाहेरच्या गटारात पडतं, तिथे ते वाहू लागल्यापासून चार तासांच्या आत नमुना घ्यावा लागतो. रंग, वास, फेस, तेलाचा तवंग यांची नोंद करायची, बाटली प्रयोगशाळेत पाठवायची आणि निकाल हाती आल्यावर 30 दिवसांत राज्याच्या संकेतस्थळावर चढवायचा. तो कोणालाही वाचता येतो.

पहिल्या वर्षी आमचं जस्त लिटरला 0.26 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर गेलं. आम्ही आवार झाडलं, पिंपं झाकली, भंगार आत घेतलं, आकडा हलेना. शेवटी कळलं, जस्त छपरातून येत होतं, गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांतून! पत्रे रंगवले तेव्हा ते उतरलं. आकडा सगळ्यांसमोर नसता, तर छपराकडे कोणी पाहिलंच नसतं.

मी डोंबिवलीचा. 2020 मध्ये तिथल्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा घरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. 2024 मध्ये भारताच्या जल कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद जाऊन 10 हजार ते 15 लाखांचा दंड आला, त्यावरही वाद झाला. दादा म्हणतो, दंड फार कमी आहे. मामा म्हणतात, जाच वाढला की कारखाने राज्य सोडतील. दोघांच्याही बोलण्यात पावसाचं पाणी नसतं. जूनच्या पहिल्या सरीत आवारातली आठ महिन्यांची धूळ, तेल, रसायनांचे डाग धुऊन नाल्यात जातात. सांडपाण्याची प्रक्रिया कितीही चोख असली तरी हे पाणी तिच्यापर्यंत पोचतंच असं नाही.

अमेरिकेचंही फार कौतुक नको. जल कायदा 1972 चा, त्यात पावसाच्या पाण्याची तरतूद 1987 ला आली आणि नियम 1990 मध्ये. 0.26 सारखी मर्यादा ओलांडणं हा इथे आपोआप गुन्हा ठरत नाही. सुधारणा करून दाखवावी लागते. पण 60 दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणूस कारखान्याला कोर्टात खेचू शकतो, आणि पुरावा त्याला घरबसल्या मिळतो.

ही 60 दिवसांची नोटीस आपल्याकडेही आहे. 1988 च्या दुरुस्तीने ती आपल्या जल कायद्याच्या कलम 49 मध्ये आली. नोटीस देणाऱ्या माणसाने मागितल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाने अहवाल द्यावेत, असंही त्यात म्हटलंय. आणि जनहिताचं कारण देऊन ते नाकारण्याची मुभाही. मला खुपते ती ही मुभा. नाल्याच्या काठी राहणाऱ्या बाईने आधी नोटीस द्यायची, मग अहवाल मागायचा, मग तो नाकारला जाण्याची वाट पाहायची? दादा, दंडाचं नंतर बोलू. तळोजा, महाड, लोटे इथल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या पहिल्या पावसाचे आकडे आधी उघड्यावर येऊ देत, कोणी न मागता.