अंगभर कपड्यांतला एक फोटो

लेकीकडे नॉर्वेत, ऑस्लोला निघालो तेव्हा साताऱ्याच्या आत्याने फोनवर बजावलं होतं, "बाळ्या, रोज फोटो टाकायचे." आत्या 84 वर्षांची आहे आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन आहे. तिचा शब्द मोडायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

पहिल्याच रविवारी जावईबापू 12 नंबरच्या ट्रामने आम्हा दोघांना फ्रोग्नर पार्कात घेऊन गेले. "बाबा, इथली सगळ्यात प्रसिद्ध जागा. आणि तिकीट नाही!" तिकीट नाही म्हटल्यावर मी पुढची चौकशी केली नाही. तिथेच चुकलं.

उद्यानात गुस्ताव विगेलान यांची दोनशेहून जास्त शिल्पं आहेत आणि एकाच्याही अंगावर सूतभर कपडा नाही. 1921 साली शहराने या गृहस्थांना राहायला आणि काम करायला जागा देऊ केली, त्यांनी आपलं सगळं काम शहराच्या नावे केलं. कपडे चढवले की माणूस एका काळात अडकतो, म्हणून ही माणसं अशी, असं जावईबापू समजावून सांगत होते. विचार थोर आहे. पण शेजारी सासूबाई उभ्या असताना तो जावयाच्या तोंडून ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ही एकटक आपल्या चपलांकडे बघत होती.

तरी फोटो हवाच होता. हिला पुलावर उभं केलं.

"अहो, मागे कोण आलंय बघा."

"कोणी नाही, पुतळा आहे."

"तेच म्हणतेय मी!"

डावीकडे सरकवलं तर मागे एक जोडपं. उजवीकडे एक दांडगा बाप्या चार पोरं अंगावरून झटकतोय, त्यातलं एक तर चक्क लाथेने. पुलावरच असे 58 जण. शेवटी जावयांनी तोडगा काढला: खाली बसून काढा, मागे नुसतं आभाळ येईल. पुढे चौथऱ्यापाशी जाऊन मी कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर बसलो, कॅमेरा वर केला. आभाळात एक खांब. त्यावर 121 माणसं, एकमेकांवर रचलेली, सगळी तशीच. एकाच दगडातून हे कोरायला तीन कारागिरांना 14 वर्षं लागली म्हणे. एवढ्या अवधीत एखादं धोतर सहज कोरून झालं असतं.

फाटकाशी स्वतः विगेलान भेटले. हातात हातोडा-छिन्नी आणि अंगावर व्यवस्थित कामाचे कपडे! म्हणजे कपडे कोरता येत नव्हते अशातला भाग नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही ऑस्लोभर सभ्य पुतळे धुंडाळले. नॅशनल थिएटरसमोर नाटककार इब्सेन भेटले, लांब कोटात. राजवाड्यासमोर घोड्यावरचा राजा कार्ल योहान. 1624 च्या आगीनंतर नवं शहर वसवून त्याला तेव्हा स्वतःचं नाव देणारा राजा चौथा क्रिस्तियान बाजारचौकात टोपीसकट उभा आहे. त्याने "शहर इथे होईल" म्हणून बोट दाखवलं अशी आख्यायिका. ती जागा बघायला गेलो, तर तिथे कारंज्यात राजा नाहीच, नुसता त्याचा भला मोठा हातमोजा, जमिनीकडे बोट दाखवणारा. धन्य शहर! एकीकडे कपड्यांशिवाय माणसं, दुसरीकडे माणसाशिवाय कपडे.

हे सगळे फोटो ग्रुपवर टाकले. आत्याचं उत्तर आलं, "कोटवाले बुवा पुरे. काहीतरी गोड पाठव."

मग धीर करून पुलावरच्या एका रागीट पोराचा फोटो पाठवला. मुठी आवळून, पाय आपटत, भोकाड पसरलेलं ब्राँझचं पोर. येणारे-जाणारे हात लावतात म्हणून त्याची डावी मूठ सोन्यासारखी चकाकते. लेकरूच ते, त्याला कसली लाज?

दोन मिनिटांत आत्या लिहिती झाली: "अगंबाई! हा तर आपला बाळ्या! अंघोळीनंतर चड्डी घालायला गेलं की अंगणभर अस्साच नाचायचा. आठवीपर्यंत."

आठवीपर्यंत ही शुद्ध थाप आहे. पण जावईबापूही त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी ताबडतोब अंगठा दाखवला.

खाली आत्याचा आणखी एक मेसेज आहे: "थांबा, फोटो आहे माझ्याकडे. ट्रंकेत बघते."