फुगलेल्या लिपो बॅटरीला टाचणी मारू नका : खुलासा

दापोली-गुहागरकडच्या एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुकांचा खेळ) खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बंदुकीची लिपो फुगली तर टाचणीने टोचून हवा काढा, चिकटपट्टी लावा आणि नेहमीसारखी चार्ज करा.’ लिपो म्हणजे या बंदुकीतली लिथियम-पॉलिमर बॅटरी. मेसेजमधला सल्ला साफ चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

आत असते ती साधी हवा नव्हे. इलेक्ट्रोलाइट बिघडून तयार झालेला, पेट घेणारा वायू असतो. टाचणी आत गेली की बॅटरीतले धन आणि ऋण थर एकमेकांना चिकटतात, शॉर्ट होतो आणि बॅटरीचं पाकीट तिथेच भडकू शकतं. पाकिटाला भोक पडलं की आपल्याकडची पावसाळी दमट हवा आत शिरून राहिलंसाहिलं बिघडवते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावूच नका. वाळूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा, मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत नको.

‘प्लग बसला की कुठलाही चार्जर चालतो’ हेही खोटं. ८.४ व्होल्टच्या निकेल बॅटरीचा चार्जर लिपोला लावू नये. लिपोचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टलाच थांबला पाहिजे, म्हणून बॅलन्स चार्जर (प्रत्येक सेल वेगळा तपासून सारखा भरणारा) हवा. १३०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला १.३ अँपिअरपेक्षा जास्त करंट देऊ नका.

चार्जिंग लाकडी माळ्यावर किंवा गादीवर नको, पडवीतल्या फरशीवर करा, आणि तिथेच बसून राहा. खाऱ्या वाऱ्याने तारेवर हिरवट थर चढला असेल तर आधी कनेक्टर बदला. महिनाभर खेळणार नसाल तर दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.

मेसेज पुढे पाठवला असेल तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका. तिथे शाळकरी पोरंही आहेत.