भिशीची वही

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एरवी सुप्रभातच्या गुलाबांवर आणि वाढदिवसाच्या केकवर चालतो. गेल्या महिन्यात तिथं भांडण लागलं. वर्गातल्या एकीच्या वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि तिनं मदतीचं आवाहन टाकलं. वडिलांचा कॉटवरचा फोटो, डॉक्टरांनी दिलेला खर्चाचा आकडा, खाली बँकेचा खाते क्रमांक. शेवटची ओळ होती, ‘आई तुळजाभवानीला कोजागिरीला चालत येण्याचा नवस बोललेय, आई सगळं नीट करेल.’

दहा मिनिटांत पुण्यातल्या एका मित्राचं उत्तर. ‘आधी दारातली चारचाकी विका, मग लोकांपुढं हात पसरा. आणि देवीच नीट करणार असेल तर पैसे कशाला लागतात?’ त्याला अकरा अंगठे आले. मी मोजले.

इंग्लंडात, लीड्समध्ये तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. केटल उकळत होती, बाहेर अंधार होता, आणि मी ओट्यापाशी उभी राहून दोन अंगठ्यांनी लांबलचक उत्तर टाईप केलं. त्याचं प्रत्युत्तर एका ओळीचं. ‘तुला तिथं बसून बोलायला काय जातंय? तुमच्याकडं सगळं फुकट.’

ते ‘तुमच्याकडं’ दिवसभर टोचत राहिलं. इकडं सतरा वर्षं झाली तरी बसस्टॉपवरच्या आजीबाई प्रेमानं विचारतात, मूळच्या कुठल्या गं तुम्ही. आणि ज्या गावच्या म्हणून मी त्यांना बार्शी, बार्शी असं दोनदा सांगते, त्या गावचा माणूस मला ‘तुमच्याकडं’ म्हणतो.

तर बघू या आमच्याकडं काय चालतं ते.

आमच्या ऑफिसात असा महिना जात नाही की कुणी पैसे मागत नाही. सप्टेंबरात मॅकमिलन या कॅन्सर रोग्यांसाठीच्या संस्थेची कॉफी मॉर्निंग. लेमन ड्रिझल केकचा एक तुकडा खायचा, डब्यात पाच पौंड टाकायचे. पगारपत्रकं बघणारी एक बाई, गेल्या वर्षी आईसाठी म्हणून डोक्याचा गोटा केला आणि त्यावर साडेनऊशे पौंड जमवले. कुणी तिला म्हणालं नाही की आधी तुझी गाडी वीक. उलट साहेबांनी फॉर्मवर पहिल्या ओळीत आकडा टाकला, गिफ्ट एडच्या (म्हणजे देणगीवरचा कर सरकारकडून संस्थेला मिळावा, या) चौकोनात खूण केली, आणि पुढच्यांना त्याहून फार कमी टाकायची लाज वाटेल अशी सोय करून ठेवली. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या आमच्या गल्लीतल्या पोरांना ही युक्ती पाठ होती. पहिली पावती नेहमी सराफाची.

आणि नवस? आमच्याकडं त्याला रेस फॉर लाईफ म्हणतात. आज कॅन्सर रिसर्च यूके ही संस्था ती घेते; पहिली 1994 साली लंडनच्या बॅटरसी पार्कात झाली. लीड्सची टेंपल न्यूजमच्या हिरवळीवर होते (नावात टेंपल असलं तरी देऊळ नाही). पाच किलोमीटर पळायचं, गुलाबी टीशर्ट घालायचा, पाठीवर एक कागद टाचायचा. ‘मी पळतेय... यांच्यासाठी.’ मधल्या रिकाम्या जागेत नावं. माझ्या पुढं पळणाऱ्या एका आडदांड बाईच्या पाठीवर तीन नावं होती आणि चौथ्या जागी नुसतं ‘बाबा, लवकर भेटू’. मी देवनागरीत ‘आई’ लिहिलं होतं. एका मुलीनं विचारलं, हे चित्र कशाचं आहे?

आता मला सांगा, पाच किलोमीटर पळाल्यानं कुणाच्या पेशी बऱ्या होतात? होत नाहीत, हे तिथल्या हजारो बायकांना माहीत असतं. तरी पळतात. घाम गाळतात, शेवटच्या रेषेपाशी रडतात, गळ्यातलं पदक घरी खिळ्याला अडकवतात. हे शूज घालून केलं की धर्मादाय काम, आणि अनवाणी तुळजापूरला चाललं की अंधश्रद्धा. पुण्याच्या मित्राला हेच विचारलं मी. वर हेही सांगितलं की डिसेंबर 2013 मध्ये महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला, तो दाभोलकरांच्या खुनानंतर, आणि त्यातसुद्धा नवस फेडणं गुन्हा नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करत बसणं गुन्हा आहे. नवस बोलून जो माणूस केमोच्या खुर्चीत जाऊन बसतो त्यानं कुणाला रोखलंय?

त्याचं उत्तर मात्र मला खोडता आलं नाही. तो म्हणाला, ‘तुझी ती बाई स्वतःच्या आईच्या बिलासाठी पळत नाही. बिल येतच नाही.’

खरंय. इथं केमोचं बिल येत नाही. कॅन्सरच्या रोग्याला इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीचेही पैसे पडत नाहीत. ऑफिसातल्या त्या बाईनं ज्या संस्थेसाठी गोटा करून पैसे जमवले ती आभाराचं छापील पत्र पाठवते. आमच्या मैत्रिणीला गल्लीत रोज भेटणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघावं लागणार आहे. एवढा मोठा फरक मी माझ्या लांबलचक उत्तरात खुबीनं गाळला होता. पकडल्यावर मी वाट बदलली. म्हटलं, डॉक्टरनं तातडीनं तज्ज्ञाकडं पाठवल्यापासून 62 दिवसांत उपचार सुरू व्हावेत असं इथलं उद्दिष्ट आहे आणि कित्येक वर्षांत ते गाठलेलं नाही. हॉस्पिसचा, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रोग्यांच्या सेवाघरांचा, बहुतेक खर्च देणग्यांवर आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांवर चालतो. हे सगळं खरंच आहे. पण त्याच्या मुद्द्याला ते उत्तर नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं.

त्याच्याशी भांडता भांडता मला एक गोष्ट मात्र नव्यानं जाणवली. मॅकमिलन ही संस्था 1911 साली डग्लस मॅकमिलन नावाच्या माणसानं काढली, वडील कॅन्सरनं गेल्यावर. मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्याही वेल्समध्ये, माझ्या आताच्या घरापासून मोटारीनं जाऊन येण्याच्या अंतरावर. त्यांचे यजमान दोराबजी पुढच्याच वर्षी गेले आणि त्यांच्या नावच्या ट्रस्टनं 1941 साली परळला टाटा मेमोरियल उभं केलं. म्हणजे आज गावोगावचे लोक ‘टाटाला नेलंय’ म्हणतात, त्या वाक्याच्या मुळाशीही एक घर आहे जिथं पैसा होता आणि माणूस वाचला नाही. तिथून दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत या. बाबांनी कीर्तनात नवससायासांची, देवापुढं बकरं कापणाऱ्यांची जन्मभर खिल्ली उडवली. त्यांच्या नावच्या धर्मशाळेत आज टाटाचे पेशंट उतरतात आणि त्यातल्या अर्ध्याअधिक उशांखाली कुठल्या ना कुठल्या देवाचा अंगारा असतो. बाबांनी त्यांना हाकललं असतं असं मला वाटत नाही. झाडून घ्यायला लावलं असतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2012 साली आमची आई तिथं उतरली होती.

डाव्या बाजूला गाठ. बार्शीत कॅन्सरचं चांगलं हॉस्पिटल आहे; देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली आमच्याच गावात सुरू झाली. पण दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा हट्ट, ऑपरेशन टाटातच. केमो आणि शेक (रेडिएशन) मग बार्शीत. दादा गणिताचे शिक्षक, निवृत्त, रेशनकार्ड पांढरं. त्याच जुलैत जीवनदायी योजना सोलापूर जिल्ह्यात सुरू झाली होती, पण ती पिवळ्या आणि केशरी कार्डाला. (आता पांढऱ्यालाही मिळते.) पुण्याच्या मित्राच्या हिशेबानं आम्ही आधी घर विकायला हवं होतं.

आम्ही घर विकलं नाही. धाकट्या बहिणीनं गल्लीत शब्द टाकला. आई वीस वर्षं बायकांची भिशी चालवायची, त्या भिशीच्या वहीची मागची पानं कोरी होती. तिथं नोंदी सुरू झाल्या.

मी तेव्हा इथं होते. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी पासपोर्ट दिलेला होता. हे कारण मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलेय आणि ते खोटं नाही. फक्त अर्धं आहे. पासपोर्ट परत मागता येत होता. मागितला की अर्ज रद्द, पुन्हा फी, नवऱ्याची नोकरी नवी, कदाचित सगळं गुंडाळून परत. आम्ही दोघांनी एका रविवारी जेवणाच्या टेबलाशी बसून हिशेब केला आणि मागायचा नाही असं ठरवलं. मग मी तीन हप्त्यांत साठ हजार रुपये पाठवले आणि दर संध्याकाळी स्काईप लावला. आई कॅमेऱ्यासमोर पदर डोक्यावरून घट्ट घ्यायची, केस गेलेले दिसू नयेत म्हणून. टेंपल न्यूजमची माझी ती धाव पुढच्या उन्हाळ्यातली.

त्या वर्षी कोजागिरीला धाकटी बार्शीहून तुळजापूरला चालत गेली. दादा एसटीनं पुढं जाऊन थांबले. त्यांनी जन्मात देवाला हात जोडलेले आम्ही पाहिले नव्हते, मुलांना पायथागोरस शिकवताना ते ‘सिद्ध करा’ असं इतक्या करड्या आवाजात म्हणायचे की मुलं घाबरायची. तिथं देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. उजवीकडं वळला तर हो, डावीकडं वळला तर नाही. दादा रांगेत उभे राहिले आणि त्यांनी हात ठेवले. दगड हलला नाही. शेजारचा माणूस म्हणाला, न हलणं म्हणजे काम व्हायला वेळ आहे. बाहेर आल्यावर धाकटीनं विचारलं, आईचं विचारलंत का? दादा म्हणाले, ‘नाही. आईचं डॉक्टर बघतायत. मोठी येईल का ते विचारलं.’

मी मार्चमध्ये गेले. तोवर आईच्या डोक्यावर चिमणीच्या पिसांएवढे केस आले होते.

पुण्याच्या मित्राला यातलं मी काहीच लिहिलं नाही. मैत्रिणीला पैसे पाठवले. ॲपनं विचारलं, नाव दाखवायचं की निनावी? इथल्या सवयीनं बोट निनावीकडं गेलं. इथं ते सभ्यपणाचं मानतात. मग आठवलं, निनावी पैशाची परतफेड करता येत नाही. नाव लिहिलं.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा कपाटात ती वही सापडली. आईचं अक्षर, निळी शाई. गिरणीवाले काका 500. मणियार भाभी 251. शिंपीण काकू 101 आणि दोन डझन अंडी. दादांच्या शाळेतले सर लोक मिळून 11,000. कोपऱ्यावरचा रिक्षावाला, ‘दवाखान्याच्या फेऱ्या, पैसे घेतले नाहीत.’ आणि प्रत्येक ओळीपुढं लाल पेनानं खूण, खुणेपुढं बारीक अक्षरात तपशील. ‘थोरलीचं लग्न, साडी व 501.’ ‘नातवाचं बारसं, चांदीचा वाळा.’ रिक्षावाल्यापुढं, ‘पोराची बारावीची फी.’ बारा वर्षं आई एकेक कार्य गाठून फेडत बसली होती.

गिरणीवाले काका आणि मणियार भाभी यांच्या मधल्या ओळीत लिहिलं होतं, ‘लीड्स 60,000.’ माझं नाव नाही, गावाचं. पुढं खूण नाही.

आई खाली बसून मेथी निवडत होती. मी हसत हसतच विचारलं, ‘आगं, मला कशाला लिहिलंस यात? मी काय परकी आहे?’

तिनं मान वर केली नाही. ‘समद्यांचं फिटलं बघ. तुजंच तेवढं ऱ्हायलंय. तुज्याकडं काही कार्यच निघत न्हाई, मी तरी कशात घालू? वास्तुशांत कर की घराची.’

घर घेऊन नऊ वर्षं झाली. एजंटनं किल्ल्या पाकिटातून दिल्या, त्या रात्री आम्ही खोक्यांवर बसून पिझ्झा खाल्ला, आणि मुहूर्त कधीचा म्हणून आईनं फोनवर विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं होतं की आमच्याकडं असलं काही करत नाहीत.